टॉर्च किती प्रखर, यापेक्षा तो काय दाखवतो?



माझ्या दवाखान्यात नेहमी येणाऱ्यांना माझी एक सवय ठाऊक आहे. घसा बघायला एक टॉर्च, डोळे बघायला दुसरा, आणि खणात आणखी चार-पाच. "डॉक्टर, एवढ्या बॅटऱ्या कशाला?" असं बरेच जण विचारतात. आज त्याचं नीट उत्तर देतो, कारण त्यात तुमच्याही उपयोगाच्या गोष्टी आहेत.

(आपल्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात. गोंधळ नको म्हणून इथे दिव्याला टॉर्च आणि आत घालतो त्याला सेल म्हणतो.)

ही हौस नेमकी काय आहे?

कंपनीने बनवणं बंद केलेले जुने, दणकट टॉर्च मी जमवतो आणि सुट्टीच्या दिवशी उघडून त्यांत बदल करतो. उदाहरणार्थ, अमेरिकेतल्या शुअरफायर कंपनीचा जुना ६पी. ॲल्युमिनियमचा, हाताच्या मुठीत मावणारा, दोन लिथियम सेलवर चालणारा आणि साध्या तारेच्या बल्बचा. उजेड ६५ ल्युमेन, तोही तासभरच. एके काळी हा पोलिसांच्या कामाचा टॉर्च होता. आज इमालेंट कंपनीचा एमएस१८ हा टॉर्च एक लाख ल्युमेनचा दावा करतो आणि तो तापू नये म्हणून त्यात पंखे बसवलेले असतात!

मग जुन्याचं कौतुक कशाला? कारण ६पी चा पुढचा भाग फिरवला की बल्बचा संच अख्खा बाहेर येतो आणि त्या जागी आपल्या पसंतीचा एलईडी बसवता येतो. एलईडी तांब्याच्या छोट्या चकतीवर डाखलेला असतो. चकती तापवायची, डाख वितळला की जुना एलईडी चिमट्याने सरकवायचा, नवा ठेवायचा, खाली उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावायची. काम नाजूक आहे, पण अवघड नाही.

ओळखीच्या लोकांना वाटतं, मी उजेड वाढवत असणार. प्रत्यक्षात बहुतेक वेळा मी तो वाढवत नाही, बदलतो. का, ते सांगतो.

ल्युमेन वाढले म्हणजे जास्त दिसतं का?

ल्युमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो त्याचं माप. पण आपला डोळा सरळ हिशेबाने चालत नाही. पौर्णिमेच्या रात्री जमिनीवर पाव लक्सच्या आसपास उजेड असतो, भर दुपारी उन्हात सुमारे एक लाख लक्स. एवढ्या टोकांत एकच डोळा काम करतो, म्हणून तो फरक दाबून टाकतो. उजेड दुप्पट वाटायला ल्युमेन साधारण चौपट लागतात. ५०० चा टॉर्च टाकून १००० चा घेतला, तर दुप्पट दिसेल अशी आशा धरू नका.

खोक्यावर लिहिलेल्या अंतराचीही गंमत आहे. "५०० मीटर" याचा प्रचलित मानकानुसार अर्थ असा, की तेवढ्या अंतरावर पोचेपर्यंत उजेड पाव लक्स उरतो. म्हणजे चांदण्याइतका!

खरा प्रश्न रंगाचा

पांढरा एलईडी मुळात निळा असतो. १९९३ मध्ये जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी बनवला. या शोधासाठी त्यांना अकासाकी आणि अमानो यांच्यासोबत २०१४ चं नोबेल मिळालं. त्या निळ्या दिव्यावर पिवळं चमकणारं लेपन दिलं, की डोळ्याला पांढरा उजेड दिसतो. पण या उजेडात निळा भरपूर आणि गडद लाल फार कमी असतो.

वस्तूंचे रंग दिवा किती खरे दाखवतो याला कलर रेंडरिंग इंडेक्स, म्हणजे सीआरआय म्हणतात. सूर्यप्रकाश आणि तारेचा बल्ब यांना साधारण १००, स्वस्त एलईडी टॉर्चला ७० च्या आसपास. त्यातही मेख आहे. हा आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असतो, गडद लाल त्यात धरलेलाच नसतो. तो 'आर-९' नावाने वेगळा मोजतात. म्हणून सीआरआय ८० असूनही लाल रंग मळकट दिसू शकतो.

आता विचार करा, आम्ही डॉक्टर टॉर्चने काय बघतो? घसा, हिरड्या, जीभ, पुरळ, जखम, पापणीची आतली बाजू. सगळा कारभार लाल रंगाचा! लाल न दाखवणाऱ्या उजेडात सुजलेला घसा बरा दिसेल आणि धडधाकट माणूस फिकट दिसेल.

निचियाचाच '२१९बी' हा एलईडी, त्यातला ९० च्या वर सीआरआय असलेला प्रकार, हौशी लोकांचा फार लाडका. त्याचं उत्पादन थांबलं आणि लोक उरलेसुरले नग शोधत फिरू लागले. माझ्या घसा बघायच्या टॉर्चमध्ये तोच आहे. असे दिवे मागे का पडतात? कारण तेवढ्याच विजेत रंग खरे दाखवायचे, तर ल्युमेन कमी मिळतात. खोक्यावर मोठ्या अक्षरात ल्युमेन छापतात, सीआरआय क्वचितच. गिऱ्हाईक मोठा आकडा बघून घेतं आणि चांगला दिवा स्पर्धेत हरतो. या हौशीने मला शिकवलेली ही सगळ्यात कामाची गोष्ट.

कावीळ टॉर्चने बघू नका

एक तरुण घरच्यांसोबत आला होता. आठवडाभर भूक नाही, मळमळ, लघवी गडद. घरचे ठामपणे म्हणाले, "कावीळ नाही डॉक्टर, रात्री मोबाइलच्या उजेडात डोळे नीट पाहिलेत." मी त्याला खिडकीपाशी उभं केलं. तिथे डोळ्यांचा पांढरा भाग स्पष्ट पिवळा होता. त्याच्या आईलाच तो आधी दिसला. रक्ताच्या तपासणीत बिलिरुबिन वाढलेलं निघालं.

बिलिरुबिन साधारण १ पर्यंत असतं. ते २.५ ते ३ मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की डोळ्यांत पिवळेपणा दिसू लागतो. ही सुरुवातीची छटा चुकीच्या उजेडात हरवते. पिवळ्या बल्बखाली सगळंच पिवळसर दिसतं, त्यामुळे तारेच्या बल्बचा सीआरआय १०० असूनही तो इथे कुचकामी. निळसर एलईडीतही फसगत होते. म्हणून दिवसा, खिडकीजवळ, पण थेट ऊन न घेता बघा. माणसाला खाली बघायला सांगा, वरची पापणी हलकेच उचला आणि पांढरा भाग पहा.

घरात नवजात बाळ असेल तर हे आणखी महत्त्वाचं. बाळाला खिडकीजवळ उघडं करून कपाळावर किंवा छातीवर बोटाने हलकं दाबा आणि सोडा. दाबलेली जागा पिवळी दिसते का बघा. जन्मानंतर पहिल्या २४ तासांत पिवळेपणा आला, तळहात-तळपाय पिवळे झाले, किंवा बाळ सुस्त होऊन दूध ओढेनासं झालं, तर लगेच दवाखाना गाठा. रात्र असली तरी सकाळच्या उजेडाची वाट बघू नका. आणि कुठल्याही उजेडातला अंदाज हा अंदाजच. खात्री तपासणीनेच होते.

रात्री उठणाऱ्या आजी-आजोबांसाठी

अंधाराला डोळा पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. प्रखर टॉर्च लावला की ही कमाई क्षणात जाते. तो विझवल्यावर काही काळ काहीच दिसत नाही. साठीनंतर डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, बाहुली लहान राहते, आणि पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांश उजेडच पोचतो. म्हणजे त्यांना उजेड तर हवा, पण मोतीबिंदू असेल तर चकचकीत फरशीवरून उसळणारा पांढरा झोत त्यांनाच जास्त त्रास देतो. रात्री लघवीला उठताना पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं, हे आमच्याकडे नेहमी दिसतं.

माझ्या आईच्या उशाशी असलेल्या टॉर्चमध्ये मी पिवळसर एलईडी बसवून उजेड पाच-दहा ल्युमेनवर आणला आहे. झोत पसरट, बटण मोठं, आणि उजेड पायांकडे. तुम्हाला काही उघडायची गरज नाही. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत खाली लावलेले मंद पिवळे दिवे तेच काम करतात.

शेतात मात्र कंजूषपणा नको

रात्री पाणी द्यायला जाणाऱ्यांना मी उलटं सांगतो. घोणस वाटेवर निपचित पडलेली असते, मण्यार रात्री फिरते. इथे २००-३०० ल्युमेनचा, पसरट झोताचा टॉर्च, गमबूट आणि काठी हवीच. लांब फेकणारा बारीक झोत कामाचा नाही. पावलांपुढची चार हात जमीन दिसली पाहिजे.

सेल आणि डोळे जपा

१. चांगल्या टॉर्चमध्ये बहुधा १८६५० हा लिथियम-आयन सेल असतो. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल वापरू नका. सुटा सेल किल्ल्या-नाण्यांसोबत खिशात ठेवू नका. दोन टोकं जोडली गेली तर मांडी भाजते.

२. प्रखर टॉर्च खिशात चुकून सुरू झाला तर कापड करपू शकतं.

३. कुणाच्याही, विशेषतः लहान मुलांच्या, डोळ्यांत झोत मारू नका. हिरवे-निळे लेझर तर खेळणं म्हणून घरात आणूच नका. त्याने पडद्याला कायमची इजा होऊ शकते.

४. किल्लीच्या साखळीतल्या टॉर्चमध्ये बटण सेल असतो. मुलाने तो गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. उलटी करवू नका, ताबडतोब मोठं रुग्णालय गाठा. मूल एक वर्षाहून मोठं असेल आणि गिळता येत असेल तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध देता येतो, जास्तीत जास्त सहा वेळा. मात्र मधासाठी निघायला उशीर करू नका.

घेताना काय बघाल?

सीआरआय ९० किंवा जास्त, रंगाचं तापमान ४००० ते ५००० केल्विन (रात्री घरात वापरायला २७०० ते ३०००), उजेडाच्या किमान दोन-तीन पायऱ्या, आणि सगळ्यात खालची पायरी खरंच मंद. ल्युमेनचा आकडा शेवटी बघा.

घरातल्या टॉर्चची परीक्षा आजच करता येईल. दिवसा खिडकीत आपला तळहात नीट बघून ठेवा. रात्री बाकीचे दिवे बंद करून तोच तळहात टॉर्चच्या उजेडात बघा, शेजारी एक पिकलेला टोमॅटो ठेवा. तळहात राखाडी आणि टोमॅटो तपकिरी दिसला, तर तो टॉर्च लाइट गेल्यावर मीटर बघायला ठेवा. माणसाचा घसा, जखम आणि पुरळ बघायला दुसरा आणा.

काळजी घ्या.