टोकांचा हिशोब

टायफॉइडनंतर केस मूठमूठ गळाले, तेव्हा खांद्यापर्यंत कापून टाकले. आता दोन-अडीच वर्षांनी शेपटा पाठीवर आलाय. पण टोकांना फाटे फुटलेत. पार्लरवाली म्हणाली, "आंटी, चार इंच काटना पड़ेगा." माझा चेहराच पडला. केस महिन्याला जेमतेम अर्धा इंच वाढतात. चार इंच म्हणजे आठ महिने!

आई म्हणायची, कापले की केस जोमानं वाढतात. तसं काही नसतं. वाढ मुळाशी होते. पण फुटलेलं टोक पुन्हा सांधत नाही, आणि चीर वर चढत जाते, हेही खरंच.

2016 मध्ये आचार्य विद्यासागरजींचा चातुर्मास इथे भोपाळलाच, हबीबगंजच्या मंदिरात होता. साधू-साध्वी राख लावून आपल्या हातानं केशलोच करतात, त्या दिवशी उपवास धरतात. मी संसारी बाई, मला ते कुठलं जमायला! पण आरशासमोर एक गोष्ट लक्षात आली. शेपटा मला बरं झाल्याची खूण वाटत होता, आणि त्याची टोकं तर त्या तापातलीच होती.

म्हटलं, "आज दीड इंच काप. पुढे दर तीन महिन्यांनी अर्धा." तीन महिन्यांत दीड वाढणार, अर्धा जाणार, इंचभर तरी माझाच.