सहाशे न्यूटन मीटर आणि बोपदेव घाट

२५२ आणि २४९. सेकंडहँड आलिशान फोर बाय फोर शोधत असाल तर हे दोन आकडे एकदा शेजारी शेजारी लिहून बघा. एकच गाडी, ऑडी क्यू-सेव्हनची दुसरी पिढी. तीच बॉडी, तोच आठ गिअरचा ऑटोमॅटिक, चारही चाकांना जोर देणारी तीच क्वाट्रो. एकीत दोन लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, २५२ हॉर्सपॉवर. दुसरीत तीन लिटरचं व्ही-सिक्स डिझेल, २४९. कागदावर पेट्रोल तीन हॉर्सपॉवरनं पुढंच! या दोन्ही गाड्या मी एकाच दुपारी, पाठोपाठ, पुण्याजवळच्या बोपदेव घाटात चढवल्या. तेव्हापासून भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय, आता तुम्हालाही सांगतो.

कोंढव्याहून निघालं आणि येवलेवाडी मागं पडली की रस्ता एकदम उभा राहतो. पेट्रोल आधी घेतली. गाडीत मी, बायको, मेहुणा आणि डीलरचा माणूस. पहिल्या वळणातून बाहेर पडताना पाय दाबला, गिअरबॉक्सनं दोन गिअर खाली टाकले, काटा चार हजारांच्या पुढं गेला, इंजिन गायला लागलं आणि गाडी सुटली. झकास! मेहुणा मागून म्हणाला, “दाजी, शोधाशोध बंद. हीच घेऊन टाका.”

मग डिझेल. तेच वळण, तीच माणसं, एसी तेवढाच. पाय अर्धासुद्धा दाबला नव्हता. काटा अठराशेच्या आसपास. गिअर खाली पडला नाही, आवाज चढला नाही, आणि दोन टनांहून जड गाडी चार माणसं घेऊन अशी वर निघाली की पाठ सीटला टेकली ती पठारावर येईपर्यंत टेकलेलीच! समोर चढ आहे हे इंजिनाला कुणी सांगितलंच नव्हतं जणू. वर सासवडच्या बाजूला गाडी थांबवली तर कुणी बोलेचना. मग बायको म्हणाली, “पुन्हा एकदा खाली जाऊन वर येऊ या का?” गेलो!

त्या रात्री मी आकडे घेऊन बसलो. घोड्यांचा आकडा आपण सगळे पाठ म्हणतो, पण त्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेला टॉर्क कुणी वाचत नाही. पेट्रोलचा टॉर्क ३७० न्यूटन मीटर. डिझेलचा ६००! आणि तो मिळतो कुठं? १५०० ते ३००० फेऱ्यांमध्ये, म्हणजे आपण रोज जिथं गाडी चालवतो नेमकं तिथं. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. पेट्रोल इंजिन कमी जोर लावतं पण भरभर फिरतं, डिझेल सावकाश फिरतं पण प्रत्येक फेरीला मोठा रेटा देतं. गुणाकार केला की दोघांची पॉवर जवळजवळ सारखी येते. म्हणून कागदावर बरोबरी दिसते. घाटात मात्र इंजिनाला पाच-सहा हजारांवर पोचायला वेळ कुठं असतो? वळण, चढ, समोर ऊस भरलेला ट्रॅक्टर, पुन्हा वळण. तिथं खालच्या फेऱ्यांत जोर ज्याच्याकडं, त्याचं राज्य.

हे कसं घडतं हे कळलं तेव्हा तर मला कुणाला तरी उठवून सांगावंसं वाटत होतं. सायकलमध्ये हवा भरताना पंपाची नळी हाताला गरम लागते ना? हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनाचं सगळं गुपित एवढंच! पेट्रोल इंजिन हवा साधारण एक दशांशापर्यंत दाबतं आणि स्पार्क प्लगची ठिणगी देऊन पेटवतं. डिझेल इंजिन ती साधारण सोळाव्या हिश्शापर्यंत दाबतं, हवा इतकी तापते की इंधनाचा बारीक फवारा आत जाताच आपोआप पेट घेतो. ठिणगीच नाही. रुडॉल्फ डिझेलनं १८९२ मध्ये या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला त्याचं इंजिन नीट चाललं. जास्त दाब म्हणजे त्याच इंधनातून जास्त काम. वर एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा मुळातच दहा-बारा टक्के ऊर्जा जास्त. अ‍ॅव्हरेज चांगलं मिळतं ते यामुळं. आणि हे इंजिन आपल्याला काही परकं नाही. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ पासून पुण्यात आहे, कमिन्स १९६२ मध्ये कोथरूडला आली, विहिरीवरच्या इंजिनाचा टकटक आवाज ऐकत आपल्याकडच्या कितीतरी पिढ्या वाढल्या. तेच तत्त्व, फक्त दोन हजार बारच्या आसपास दाबानं इंधन फवारणारं, टर्बो लावलेलं आणि चामड्याच्या सीटसमोर बसवलेलं!

एवढं सगळं डोक्यात घेऊन मी कोंढव्यातल्या एका गॅरेजवाल्याकडं गेलो. जर्मन गाड्यांवर हात बसलेला माणूस. मी टॉर्कबद्दल बोलत होतो, तो शांतपणे स्कॅनरची वायर गुंडाळत होता. मग म्हणाला, “सर, ते सगळं खरंय. गाडी फिरणार कुठं, ते सांगा.”

हाच तो प्रश्न! मी त्याच्यासमोर स्टुलावर बसलो आणि त्यानं मला डीपीएफ समजावून सांगितला. डिझेलच्या धुरात काजळी असते. ती अडवायला सायलेन्सरच्या वाटेवर एक जाळीदार फिल्टर बसवतात. बीएस-६ च्या मोठ्या डिझेल गाड्यांत तो असतोच, त्याआधीच्या बऱ्याच परदेशी गाड्यांतही आहे. फिल्टर भरला की गाडी थोडं जादा इंधन टाकून आतलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळून टाकते. त्यासाठी गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगानं पळायला हवी. आता विचार करा: सकाळी मुलांना शाळेत सोडलं, तीन किलोमीटर, तिथून ऑफिस, पाच किलोमीटर, संध्याकाळी लक्ष्मी रोडच्या गर्दीतून परत. इंजिन धड तापतच नाही. जाळायला सुरुवात होते आणि आपण चावी बंद करतो. पुन्हा सुरुवात, पुन्हा बंद. फिल्टर चोंदतो, न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि त्याची पातळी चक्क वाढते! “ऑइल वाढलेलं दिसलं की लोक खूश होतात,” तो म्हणाला, “आम्ही घाबरतो.” थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीनं भरतो तोही याच सवयीनं.

म्हणजे लाख किलोमीटर हायवेवर पळालेली डिझेल गाडी ही तीस हजार किलोमीटर शहरात रांगलेल्या डिझेल गाडीपेक्षा निरोगी असू शकते! कमी रनिंगची गाडी चांगली, ही समजूत आपल्याकडं किती घट्ट आहे. पेट्रोलमध्ये ती बऱ्यापैकी टिकते. डिझेलमध्ये आधी विचारायचं, हे किलोमीटर कुठले?

आणि पेट्रोलला मी कमी लेखत नाहीये, मुळीच नाही. सिग्नलला उभी असताना ती गाडी चालू आहे की बंद हे सांगता येत नाही. स्टिअरिंगला कंप नाही, नाकावरचं वजन कमी म्हणून वळणात ती हलकी वाटते, सकाळी थंड इंजिनावर लगेच तयार. काजळी जाळायची भानगड नाही. शहरातच राहणाऱ्या माणसाला त्या गाडीत जे सुख आहे ते खरं आहे.

पण जुनी पेट्रोल घेताना एक गोष्ट पंपावर घडून गेलीय, ती लक्षात घ्या: इथेनॉल. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, ई-२०. आपल्याच कोल्हापूर-सांगलीच्या उसाचा त्यात वाटा आहे, याचा आनंद आहेच. मात्र इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे वीस टक्के मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमी झालीच. शिवाय २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्यांचे रबरी पाइप आणि सील ई-२० धरून बनवलेले नाहीत. गाडीचं मॅन्युअल उघडून कुठलं इंधन चालतं ते पान वाचल्याशिवाय टोकन देऊ नका.

पैशांचं गणित पटकन उरकतो. पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि अ‍ॅव्हरेज ८ धरलं, डिझेल ९० रुपये आणि अ‍ॅव्हरेज ११ धरलं, तर वर्षाला दहा हजार किलोमीटरवर डिझेल साधारण ४८ हजार वाचवतं. ऐकायला छान. पण या दर्जाच्या गाडीचे इंजेक्टर किंवा डीपीएफ बदलायची वेळ आली तर एका बिलात अशी दोन-तीन वर्षं वाहून जातात. २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले, त्याआधी दोन इंधनांतली दरी मोठी होती आणि डिझेल डोळे झाकून परवडायचं. आता पैसे वाचवायला म्हणून डिझेल घ्यायचे दिवस राहिले नाहीत. त्या ६०० साठी घ्यायचं!

आणि ते ६०० आता नवीन क्यू-सेव्हनमध्ये मिळतच नाहीत. एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि ऑडीनं भारतात डिझेल बंद केलं. २०२२ ची नवी क्यू-सेव्हन आली ती तीन लिटर पेट्रोल, ३४० हॉर्सपॉवर, ५०० न्यूटन मीटर घेऊन. सुंदर इंजिन, पण पेट्रोलच. म्हणजे व्ही-सिक्स डिझेलची क्यू-सेव्हन ही आज फक्त सेकंडहँडच्या बाजारातच सापडणारी गोष्ट आहे. आणि ती जुळत होती आपल्याच शेंद्र्याला, छत्रपती संभाजीनगरजवळ!

शोधताना दिल्ली पासिंगच्या डिझेल गाड्या स्वस्तात दिसतील. तिथं दहा वर्षांहून जुन्या डिझेलवर हरित लवादानं २०१५ मध्ये बंदी घातली, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये ती उचलून धरली, आणि तेव्हापासून तिकडच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. महाराष्ट्रात ती दहा वर्षांची अट नाही. पण एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवं पासिंग धरून किंमत काढा. आपल्याकडं डिझेलचा टॅक्स पेट्रोलपेक्षा दोन टक्क्यांनी जास्तच बसतो. आणि गाडी कुठलीही असो, मागचं कार्पेट उचलून खाली हात फिरवा. २०१९ ला कोल्हापूर-सांगली, २०२१ ला महाड-चिपळूण पुराच्या पाण्यात होतं, गाड्यांसकट. गाळाची बारीक माती कोपऱ्यांतून सहज निघत नाही.

सगळ्याच गाड्यांत हा प्रश्न पडतो असं नाही. फॉर्च्युनर फोर बाय फोर हवी तर डिझेलच, पेट्रोलमध्ये ती चारही चाकांवर येत नाही. उलट पिंपरी-चिंचवडला जुळणारी लँड रोव्हर डिस्कव्हरी स्पोर्ट बघा: २०२० च्या बीएस-६ मध्ये पेट्रोल २४९ पीएस आणि ३६५ न्यूटन मीटर, डिझेल १८० पीएस आणि ४३०. टॉर्कमधला फरक थोडा, पॉवरमध्ये पेट्रोल मैलभर पुढं. तिथं मी पेट्रोलच बघेन. इंधनाचं नाव बघून नाही, त्या त्या गाडीतली दोन इंजिनं शेजारी ठेवूनच ठरवावं लागतं, आणि तेच तर इतकं मजेचं आहे!

आमचं गाव चिपळूणच्या पुढं. कराडहून कुंभार्ली उतरायचा, चढायचा, सामान भरलेलं, आई-बाबा मागं बसलेले, जाता-येता हायवे भरपूर. शहरात फिरायला घरी स्कूटर आहे. आम्ही २०१७ ची डिझेल घेतली, हायवेवर पळालेली, प्रत्येक ऑइल चेंजची नोंद असलेली. तुमचं रनिंग शहरातल्या शहरात असेल तर पेट्रोल घ्या आणि मन मोकळं ठेवून घ्या. दोन्हीपैकी काहीही घेण्याआधी डीलरला सांगा की मी यायच्या आधी गाडी चालू करू नका. बॉनेटवर हात ठेवून ती थंड आहे ना बघा, मग स्टार्ट करून धूर बघा, स्कॅनर लावून घ्या. आणि कृपा करून सपाट रस्त्यावर चक्कर मारून परत येऊ नका. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, त्याच माणसांना बसवून, जवळच्या घाटात चढवा.