आजीच्या ओव्या आणि अकरा सेक्टर

दिवाळीच्या सुटीत मी आदिलाबादला घरी गेलो, तेव्हा बाबांचा संगणक टकटक आवाज करीत होता. "महिन्याभरापासून असाच कुरकुरतोय," बाबा म्हणाले. त्यांना त्याचे विशेष काही वाटले नव्हते. मला मात्र धस्स झाले. त्या पेटीत आजीच्या ओव्या होत्या.

आजी २०१५ साली गेली. त्याआधीचे दोन उन्हाळे बाबांनी तिच्याजवळ बसून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. पुढे वही पावसात भिजून गेली. उरले ते संगणकात टंकलेलेच.

कोणी म्हणेल, फाइली पेन ड्राइव्हवर घ्याव्यात आणि मोकळे व्हावे. मी तेच करू लागलो. पहिली फाइल आली, दुसरी अर्ध्यावर अडकून बसली. आलेली माझ्या लॅपटॉपवर उघडली, तर ओव्यांच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा! देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून जागा आहे. आमच्या जिल्ह्यात गुंजाळा येथे सापडलेल्या गोंडी लिपीलाही ती २०१८ साली मिळाली. बाबांनी मात्र जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकले होते. त्यात रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात; फॉन्ट नाही तर मराठीही नाही. (कन्नड विभागातील मित्रांनी घरच्या जुन्या 'नुडी' फाइली एकदा उघडून पाहाव्यात.) नुसता फॉन्ट उचलता आला असता, पण बाबांना तोच प्रोग्रॅम, तोच कळफलक हवा होता आणि त्याची सीडी केव्हाच हरवली होती. तेव्हा सबंध डिस्कचीच हुबेहूब प्रत करायचे ठरले.

डिस्क ५०० जीबीची. वापरलेली जागा जेमतेम ६०, म्हणून मी ४८० जीबीची एसएसडी आणली. प्रोग्रॅमने साफ नकार दिला. तो फाइली मोजत नव्हता, सेक्टर मोजत होता: जुन्या डिस्कवर ९७,६७,७३,१६८, नवीवर ९३,७७,०३,०८८. रिकामी खोलीसुद्धा त्याच्या हिशेबी खोलीच! एक मित्र म्हणाला, जुन्या डिस्कवरचे पार्टिशन लहान कर. दुसरा म्हणाला, चेकडिस्क चालव. सुदैवाने आमच्या सरांना फोन करण्याची बुद्धी झाली. ते जवळजवळ ओरडलेच, "अरे, मरायला टेकलेल्या डिस्कवर काही लिहू नकोस! फक्त वाचून घे." मित्रांचे दोन्ही उपाय डिस्कवर लिहिणारेच होते.

मग १ टीबीची डिस्क आणली, पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले आणि 'डीडीरेस्क्यू' लावला. हा शहाणा प्रोग्रॅम आधी धडधाकट भाग भराभर उचलतो, अडेल ते सोडून पुढे जातो आणि मग मागे राहिलेल्यांकडे परत येतो. काय झाले, काय राहिले, याची नोंद एका फाइलीत ठेवतो. वीज दोनदा गेली, पण दोन्ही वेळा काम होते तिथून पुढे सुरू झाले. खरी भीती वेगळीच होती. आज्ञेत आधी जुनी डिस्क लिहायची, मग नवी. क्रम उलटला की कोरी डिस्क ओव्यांवर उतरणार. दोघींचे सिरीयल नंबर कागदावर लिहून मी ते तीनदा ताडून पाहिले, तरी एंटर दाबताना बोट थरथरलेच.

दुसऱ्या पहाटे अकरा सेक्टर उरले. ते काही शेवटपर्यंत वाचले गेले नाहीत.

जुनी काढून नवी बसवली, तर निळा पडदा आणि शेवटी ७बी असलेला आकडा! अर्धा दिवस मी प्रतीलाच दोष देत होतो. दोष माझाच निघाला. बायोसमध्ये खुडबूड करताना वेग वाढेल म्हणून मी डिस्कची पद्धत आयडीईवरून एएचसीआयवर नेली होती. या संगणकातली विंडोज ७ पहिल्या पद्धतीवर बसवलेली. दुसरीचा ड्रायव्हर ती सुरू होताना घेईना. पद्धत पूर्ववत केली आणि बाबांचा जुना पडदा उजळला.

ओव्या उघडल्या. बाबा खुर्ची ओढून वाचू लागले. तिसऱ्या पानावर मधेच कोरे आले. अकरांतला एक सेक्टर नेमका तिथला होता. सेक्टर म्हणजे ५१२ बाइट, तेवढ्यात चार-पाच ओव्या मावतात. बाबांनी डोळे मिटून पहिली ओवी म्हटली, दुसरी अर्धी म्हटली आणि थांबले.

"पुढचं आत्याला येत असेल. ती आईबरोबर दळायला बसायची," ते म्हणाले.

रविवारी आम्ही दोघे सकाळच्या बसने जैनदला आत्याकडे निघालो. बाबांनी पिशवीत नवी वही घेतली होती.