काचेच्या घरातला संसार

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ ही म्हण माणसांसाठी तयार झाली. पण घरच्या टाकीत सिक्लिड माशांची पैदास करू पाहणाऱ्याला ती तंतोतंत लागू पडते. त्याला ही दोन्ही कामं एकदमच करावी लागतात. घर काचेचं आणि लग्न माशांचं, इतकाच फरक. यातलं एक जरी चुकलं, तरी किंमत मोजते ती बहुधा मादी. फाटक्या परांनी ती टाकीच्या वरच्या कोपऱ्यात अंग चोरून उभी राहते आणि दोन दिवसांत मरून तरंगते. हौशी मालक म्हणतो, ‘मासाच भांडकुदळ निघाला!’

सिक्लिड हे नाव अनोळखी वाटलं, तरी हे कुळ आपल्याला परकं नाही. दुकानात काचेच्या पेटीत एकटाच मिरवणारा, कपाळावर टेंगूळ आलेला फ्लॉवरहॉर्न याच कुळातला. मासळीबाजारातली टिलापिया याच कुळातली. केरळने २०१० मध्ये ज्याला राज्याचा मासा म्हणून मान दिला, तो करीमीन, म्हणजेच गोव्यातला कालुंदर, तोही सिक्लिडच.

बहुतेक मासे अंडी टाकून आपल्या वाटेने निघून जातात. सिक्लिड मात्र अंड्या-पिल्लांची राखण करतात आणि त्यांच्या भांडखोरपणाचं मूळ इथेच आहे. मध्य अमेरिकेतला कॉन्विक्ट सिक्लिड पाहावा. राखाडी अंगावर काळे उभे पट्टे, जुन्या काळच्या कैद्याच्या कपड्यांसारखे. म्हणून हे नाव. मादी मडक्याच्या आत अंडी चिकटवते आणि परांनी त्यांच्यावर पाणी हलवत राहते. नर हद्दीवर पहारा देतो. तीनेक दिवसांत अंडी फुटतात, आणखी काही दिवसांनी पिल्लांचा थवा पोहू लागतो आणि आईबाप त्याला गुरं राखावीत तसं राखतात. या काळात जवळ येणारा प्रत्येक जण त्यांचा शत्रू असतो. हा दुष्टपणा नव्हे, बाळंतिणीच्या खोलीवरचा पहारा आहे.

पहाऱ्याला जागा लागते. दुकानात पहिली नजर जाते ती दोन फुटी टाकीवर. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. म्हणजे काठोकाठ भरली तरी जेमतेम ५६ लिटर पाणी. कॉन्विक्टची जोडी तिथेही अंडी घालेल, पण नर चिडला तर मादीने पळायचं कुठे? तीन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद-उंच टाकीत सुमारे १९० लिटर पाणी मावतं. जोडी आणि थोडे चपळ सोबती यांना ती पुरते. चार फुटी टाकीत हेच पाणी २५५ लिटरच्या आसपास जातं आणि शेजाऱ्यांचीही सोय होते. फूटभर वाढणाऱ्या ऑस्करसारख्या माशांना मात्र याहून मोठं घर हवं. उंचीच्या मोहात पडू नये; हे मासे वाटणी करतात ती तळाची. मात्र २५५ लिटर पाणी म्हणजे २५५ किलो वजन. काच, वाळू, दगड धरून ३०० किलोंच्या वर. तेव्हा स्टँड भक्कम पाहिजे.

आता लग्न. दुकानदार ‘जोडी’ म्हणून देतो ते बहुधा त्याच्या जाळ्यात सापडलेले एक नर आणि एक मादी. त्यांचं पटेलच असं नाही. त्यापेक्षा सहा लहान मासे एकत्र वाढवावेत आणि निवड त्यांच्यावर सोडावी. दोघं मिळून एखादा कोपरा राखू लागले, की बाकीच्या चौघांना ताबडतोब हलवावं. उशीर झाला तर त्यांची धडगत नसते. आत मडकी, सपाट दगड, पाइपचे तुकडे असे ठेवावेत, की टाकीच्या एका टोकाहून दुसरं दिसू नये. तरीही नर ऐकेना, तर मध्ये जाळीचा पडदा घालून त्याला मादी जाईल पण नर अडेल एवढं भोक ठेवतात. तिला माहेर जवळच असलेलं बरं!

सोबती कोण? संथ गोल्डफिश नको, लांब परांचे एंजल आणि गुरामी नकोत. काच साफ करतो म्हणून ‘सकर’ही नको, तो रात्री अंडी चाटूनपुसून खातो आणि मारही खातो. आपल्याच ओढ्यांतले जायंट डॅनिओ किंवा रोझी बार्ब सहा-आठ घ्यावेत. ते वरच्या पाण्यात वाऱ्यासारखे फिरतात. ते उघड्यावर निर्धास्त फिरताना दिसले, की जोडीचीही भीती जाते. शिवाय नराला धावून जायला कुणीतरी मिळतं.

हे ‘कुणीतरी’ फार महत्त्वाचं. पुढे १९७३ मध्ये नोबेल मिळालेले ऑस्ट्रियाचे प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लोरेंझ यांनी १९६३ च्या आपल्या पुस्तकात याची गंमत सांगितली आहे. जोडी अगदी एकटी ठेवली, तर नर सारा राग मादीवर काढतो. म्हणून टाकीच्या मध्ये काच घालून पलीकडे दुसरी जोडी ठेवत. नर काचेवर धडका मारून शेजाऱ्याशी भांडत आणि घरात शांतता नांदे. काचेवर शेवाळ चढून शेजारी दिसेनासा झाला, की नर पुन्हा बायकोशी उर्मटपणे वागू लागे. काच पुसली की संसार ठीक! माणसांना हा दाखला लावू नये. पण टाकीवाल्याने तो विसरू नये.

मात्र सगळ्या सिक्लिडना एकच माप चालत नाही. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या, खडकांत राहणाऱ्या जातींत आई अंडी तोंडात धरून सुमारे तीन आठवडे उबवते. तिथे जोडीचा संसारच नाही. एका नराला चार-पाच माद्या द्याव्या लागतात आणि चार फुटी टाकीत मुद्दाम गर्दी करतात, म्हणजे सगळा मार एकीच्याच वाट्याला येत नाही. त्या गर्दीला फिल्टरही तसाच दणकट लागतो.

शेवटचा प्रश्न टाकी घेण्याआधीच विचारायचा. कॉन्विक्टच्या एका विणीत शंभराच्या वर पिल्लं असू शकतात आणि थोड्याच आठवड्यांनी जोडी पुन्हा तयार होते. त्यांच्यासाठी दुसरी टाकी आहे का? घेणारा दुकानदार बोलून ठेवला आहे का? नसेल, तर जोडी जमवूच नये. कंटाळून पिल्लं तळ्यात किंवा नदीत सोडणं हा त्यावरचा उपाय नव्हे. १९५२ मध्ये भारतात आणलेली मोझांबिक टिलापिया आज देशभरच्या पाण्यात पसरली आहे आणि अनेक ठिकाणी तिथल्या मूळ माशांना ती जागा पुरू देत नाही. म्हणून हिशेब करताना टाक्या दोन धराव्यात: एक संसाराची, दुसरी लेकरांची.