बहुतेक नक्की

खात्रीच्या बाबतीत आपली मराठी भाषा फार दिलदार आहे. 'नक्की येतो' म्हणून सांगणारा गृहस्थ येणार नाही, हे आपण नक्की धरून चालतो. मुलीचं लग्न ठरत आलं की ते 'बहुतेक नक्की' असतं. आणि 'नक्की किती वाजता?' असं जो विचारतो, त्याला आधी सांगितलेल्या वेळेबद्दल शंका असते, म्हणूनच तो विचारतो. एकाच शब्दावर खात्री आणि शंका या दोघींचा संसार चालवणाऱ्या भाषेत मी वाढलो. त्यात बी.कॉम., आणि वर बँकेतला कारकून. तेव्हा 'इन्ड्युबिटेब्ली' हा शब्द माझ्या वाटेला जाण्याचं काही कारण नव्हतं.

तो घरात आणला पुतण्यानं. पुतण्या बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करतो. म्हणजे ज्या खुर्चीतून उठायची स्वप्नं मी बघतो, तीत बसायची स्वप्नं तो बघतो. रोज रात्री दहा इंग्रजी शब्द त्यानं पाठ करायचे आणि मी ते विचारायचे.

"काका, इन्ड्युबिटेब्ली म्हणजे निःसंशय."

"मग 'अनडाउटेडली'नं काय घोडं मारलंय?"

"ते साधं झालं. हे फॉर्मल आहे."

थोडक्यात, तो घरातला लेंगा आणि हा लग्नातला सूट. पण मला खरी गंमत वाटली ती त्यातल्या 'बी'ची. 'डाउट' हा शब्द इंग्रजीत फ्रेंचांकडून आला, तेव्हा त्यात 'बी' नव्हता. पुढं पंडितांना त्याचं लॅटिन घराणं आठवलं आणि त्यांनी स्पेलिंगमध्ये 'बी' बसवून दिला. उच्चारात मात्र त्याला कुणी घेईना. म्हणजे बदलीची ऑर्डर निघाली, पण शाखेनं हजर करून घेतलं नाही! 'इन्ड्युबिटेब्ली'त तोच 'बी' खणखणीत बोलतो. शंका असते तेव्हा मुका आणि शंका फिटली की बोलका. आमच्या शाखेत बरोबर याच्या उलट चालतं.

शब्द नवा असला की वापरावासा वाटतो. नव्या चपलेसारखंच ते. पण वापरावा कुठं? आमचा धंदा चालतो १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टवर. वचनचिठ्ठीतलं वचन बिनशर्त पाहिजे, असं तो कायदा म्हणतो. 'अमकीशी माझं लग्न झाल्यावर सात दिवसांनी पाचशे रुपये देईन' असं लिहून दिलं तर ती वचनचिठ्ठी होत नाही. हे उदाहरण माझं नव्हे, कायद्यातलंच आहे. लग्नाचा काय भरवसा? मात्र जी गोष्ट केव्हा होईल ते ठाऊक नसलं तरी होणार हे सगळी माणसं धरून चालतात, तिच्यावर मुदत टाकलेली चालते. म्हणजे मरण. बाकी सगळं बहुतेक नक्की.

बरं, गावात वापरावा तर आमचं गाव डाळज. 'गाव कुठलं?' याला 'डाळज' असं उत्तर दिलं, की पुढचा प्रश्न ठरलेला : 'नक्की कुठलं?' कारण इंदापूर तालुक्यात डाळज नंबर एक, दोन आणि तीन अशी तीन डाळजं आहेत. शेजारी उजनीचं पाणी. धरण १९८० साली पुरं झालं आणि भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळही गेलं. पण एखाद्या उन्हाळ्यात पाणी फार ओसरलं की ते वर येतं, लोक दर्शनाला जातात, आणि पाऊस झाला की देव पुन्हा बुडी मारतो. जिथं देवळाचं 'आहे की नाही' हेसुद्धा पाण्याच्या पातळीवर ठरतं, तिथं मी निःसंशय म्हणून कशाला म्हणणार?

अशात एका सोमवारी गुरुजी शाखेत आले. वय चौऱ्याऐंशी. मंडळींच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी वीस हजार काढायचे होते. स्लिप माझ्याकडं आली. स्क्रीनवरची नमुन्याची सही म्हणजे फळ्यावरचा सुविचार. प्रत्येक अक्षर सुटं आणि खाली पट्टीनं ओढल्यासारखी रेघ. स्लिपवरची रेघ मात्र उजनीवर वारा सुटल्यासारखी. गुरुजींनी तीनदा सही केली आणि तीन सह्या एकमेकींनाही ओळखेनात.

साहेब नवीन, बाहेरगावचे. त्यांचंही खोटं नव्हतं. उद्या भानगड झाली तर वसुली त्यांच्या पगारातून. ते म्हणाले, "अंगठा घ्या. दोन साक्षीदार पाहिजेत. एक मी होतो." आजारी, वृद्ध खातेदारासाठी नियमच आहे तसा. हाताचा अंगठा जमत नसेल तर पायाचाही चालतो!

आता हे गुरुजींना सांगायचं कुणी? १९७८ साली देशभर प्रौढ शिक्षणाचा कार्यक्रम निघाला, तेव्हा याच माणसानं कंदिलाच्या उजेडात अर्ध्या गावाचा अंगठा सोडवला होता. मी शाईचं पॅड पुढं सरकवलं आणि कॅलेंडरकडं बघत राहिलो. गुरुजींनी काही न बोलता अंगठा टेकवला.

दुसरे साक्षीदार म्हणून रांगेतले एक आजोबा पुढं झाले. त्याच रात्रवर्गातले. त्यांनी टोपी सारखी केली, जिभेचं टोक बाहेर काढलं आणि एकेक अक्षर कोरत सही केली. खाली रेघ ओढली. पट्टीनं ओढल्यासारखी.

मग शेरा लिहायचं काम माझ्याकडं आलं. एरवी 'आयडेंटिफाइड' एवढं खरडून भागतं. पण ज्या हातानं माझा कान पिरगळून मला सतराचा पाढा शिकवला, तो हात मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? मी सावकाश, दोन्ही 'बी' ठसठशीत काढून, लिहिलं : हीच व्यक्ती इन्ड्युबिटेब्ली आमची खातेदार आहे.

साहेबांनी वाचलं. "हे काय? ओळखता की नाही? यस की नो?"

"यस, सर."

"मग यस लिहा ना." पण सही केली.

गुरुजी नोटा मोजत होते. त्यांनी चष्म्यातून शेऱ्याकडं बघितलं. "काय लिहिलंस रे ते लांबलचक?"

"निःसंशय, गुरुजी. म्हणजे तुम्हीच आहात, यात तिळमात्र शंका नाही."

त्यांनी अंगठ्याची शाई धोतराच्या सोग्याला पुसली. "अस्सं. मग अंगठा कशाला घेतलास?"

मी पुढचा टोकन नंबर जरा मोठ्यानंच पुकारला.