वाचणाऱ्याला बोलू द्या

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात व्यावसायिक लेखनाचं एम.ए. करायला निघाले, तेव्हा काकांनी विचारलं, "लिहायला शिकायला एवढे पैसे?" प्रश्न रास्त होता. लिहिणं उपजतच असावं लागतं, असं आपण धरून चालतो. तिथे मात्र प्रतिभेचं कुणी नावही काढत नाही. कथा-कादंबरी लिहायची तर आयोवा विद्यापीठात जावं, १९३६ पासून तिथे ती सोय आहे. आमच्या वाट्याला विम्याची पत्रं, यंत्रांच्या पुस्तिका, औषधांची माहितीपत्रकं.

याच विद्यापीठात लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज यांनी लोकांना लिहिता लिहिता मनात येईल ते मोठ्याने बोलायला लावलं होतं. १९८१ च्या त्यांच्या निबंधात दिसतं की आराखडा, मजकूर, फेरतपासणी हे सगळं एकमेकांत घुसत असतं. पुढे कॅरन श्रायव्हर यांनी वाचकांची अशी बडबड नोंदवून ती विद्यार्थ्यांपुढे ठेवली. वाचक कुठे अडेल हे त्यांना मग आधीच ओळखू येऊ लागलं. माझ्या मते फी वसूल होते ती इथे. बाकीचं पुस्तकं वाचूनही जमेल.

पुण्यात परतल्यावर एका औषध कंपनीकडून ओआरएसचं, म्हणजे जुलाबात द्यायच्या क्षार-साखरेच्या पुडीचं, एक पत्रक सुधारायला आलं. 'संपूर्ण पुडी एक लिटर पाण्यात विरघळवावी.' एका बाईंना ते मोठ्याने वाचायला दिलं.

"एक लिटर... म्हणजे किती तांबे हो?" मी गप्प. अशा वेळी लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नसतं, आणि तेच सगळ्यांत जड जातं. "लेकरू काही एवढं पिणार नाही. अर्धीच पुडी टाकते, पेलाभर पाण्यात."

पाणी कमी पडलं तर क्षार जास्त होतात, बाळाला ते बाधतं. पाणी जास्त झालं तर गुण कमी. बाईंचं गणित घरच्या काटकसरीचं होतं, आणि पत्रकात त्याला उत्तरच नव्हतं. मी लिहिलं: 'एक लिटरची बाटली पिण्याच्या पाण्याने भरा. ते पाणी स्वच्छ पातेल्यात ओता. पूर्ण पुडी टाका. बाळ थोडंच पिईल. उरलेलं झाकून ठेवा, २४ तासांनंतर फेकून द्या.'

'बाळ थोडंच पिईल' हे वाक्य कंपनीच्या वैद्यकीय विभागाने अनावश्यक म्हणून खोडलं. मी त्यांना बाईंचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. वाक्य राहिलं, फक्त बाळाचा 'रुग्ण' झाला.