शिपायाचं बी

पॅरिसला सेन नदीच्या कठड्यावर जुनी पुस्तकं विकणाऱ्यांच्या हिरव्या पेट्या आहेत. त्यातल्या एकीत, पोस्टकार्डांच्या गठ्ठ्यात मला तो सापडला. असेल सहा वर्षांचा. अंगावर फ्रेंच सैनिकाचा निळा गणवेश, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या, खांद्यावर खेळण्यातली बंदूक. गालांवर कुणीतरी हाताने गुलाबी रंग भरलेला. तो कॅमेऱ्याकडे बघत नाही, जरा बाजूला बघतो. तिथे आई उभी असणार. हलू नकोस, म्हणत असणार.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये अशा कार्डांचा पूर आला होता. सैनिकाच्या पत्राला तिकीट लागत नसे, म्हणून घर आणि खंदक यांच्यामध्ये टपाल अखंड वाहत होतं. त्या वाटेने मुलं निघाली: परिचारिकेच्या पांढऱ्या टोपीतल्या चिमुरड्या, डोक्याला मोठ्ठा काळा फितीचा बो बांधलेली अल्सेसची मुलगी. 1871 मध्ये जर्मनीकडे गेलेला तो प्रांत फ्रान्सला परत हवा होता, आणि ते मागणं एका पोरीच्या तोंडी घातलं होतं.

काही कार्डांवर तर बाळं कोबीच्या शेतात उगवतात. तिकडे मुलगे कोबीच्या गड्ड्यात सापडतात असं पोरांना सांगतात, जसं आपल्याकडे ‘तुला बोहारणीकडून घेतलं’ म्हणतात. अशा बाळांना नाव होतं ‘ग्रेन द प्वाल्यू’. प्वाल्यू म्हणजे केसाळ. खंदकातल्या दाढी वाढलेल्या शिपायाचं ते लाडकं नाव. ग्रेन म्हणजे बी. फ्रान्समध्ये जन्म कमी होते, जर्मनीत जास्त, आणि ही चिंता युद्धाआधीपासूनची. 1915 च्या उन्हाळ्यात शिपायांना घरी जायला रीतसर रजा मिळू लागली, तेव्हा या कार्डांनी त्या मोजक्या दिवसांकडूनही देशासाठी पेरणी मागितली.

इथे मला राग येतो. आणि राग येत असतानाच त्या पोराच्या लांब बाह्या बघून गळा दाटतो. कार्ड छापणाऱ्याला नेमका हाच गळा ठाऊक होता. माया खोटी नव्हती, म्हणून तर ती कामाला आली. चिखलात बसलेल्या बापाला शत्रूचा द्वेष शिकवायला चित्र कशाला हवं होतं? त्याला हवं होतं लेकरू. ते त्याला दिलं, पण बंदुकीसकट.

त्या युद्धातून सुमारे 14 लाख फ्रेंच सैनिक परतले नाहीत. 1917 मध्ये कायदा करून अनाथ झालेल्या मुलांना राष्ट्राने दत्तक घेतलं. माझा हा मुलगा 1915 मध्ये सहाचा धरला, तर 1939 मध्ये तिशीचा. त्या सप्टेंबरात सैन्यात हजर होण्याचे कागद पुन्हा भिंतींवर लागले. पुढच्या वर्षी अठरा लाखांच्या आसपास फ्रेंच सैनिक कैद झाले. बी उगवलं होतं.

मी कार्ड उलटलं. जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने बाईच्या वळणाचा मजकूर, फिकट, फारसा न लागणारा. त्याखाली मोठी, वाकडी चार अक्षरं: ‘papa’. आईने हात धरून गिरवून घेतलेली. पहिली तीन ओळीत आहेत. चौथ्याला तिने हात सोडला असावा. ते अक्षर उलटं पडलंय, कागदाच्या पार कडेला जाऊन.